खाऱ्या पाण्यात कोडोली

उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुट्टी घालवा, अशी जाहिरात आली की आमच्या कोल्हापूरकडच्या कोडोलीत कुणी फारसं हलत नाही. कर्कवृत्त वर मध्य प्रदेशातून गेलंय, म्हणजे उष्ण कटिबंधात आम्ही जन्मापासूनच आहोत. राहिलं बेट. ते राधानगरीवरून फोंडाघाट उतरला की मालवणात मिळतं आणि मालदीवपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

उसाचं बिल जमा झालं की ट्रॅव्हलर ठरते. चुलते, आत्या, मेव्हणे, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सगळं आत कोंबलं जातं. तारकर्लीला उतरल्यावर मात्र पंचाईत होते, की आता करायचं काय? कॅलेंडरावरची माणसं वाळूत नुसती पडून असतात. आमच्याकडं दिवसाउजेडी असं कुणी पडलेलं दिसलं तर एकजण कपाळाला हात लावून बघतो आणि दुसरा गाडी काढतो. म्हणून आम्ही समुद्रात उभे राहतो. पँटी दुमडून, पदर खोचून, एका ओळीत. लाट आली की सगळे ओरडतात. ती परत गेली की आण्णा हळहळतात, "एवढं पाणी नुसतं पडलंय की रं!"

"खारं हाय आण्णा."

"व्हय, ते बी हायच."

वारणाकाठच्या माणसाला पाणी वाया गेलेलं बघवत नाही. (ठिबक गुंडाळून ठेवून उसाला पाट सोडून देताना मात्र अगदी सहज बघवतं, हा भाग वेगळा.)

पोरं पॅरासेलिंग, बनाना राईड उरकून स्कूबाला जातात. पाण्याखाली बोलता येत नाही, ही आमच्या मंडळींची खरी अडचण. त्यात तिथल्या खुणांच्या भाषेत अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. पुतण्यानं रंगीत मासे बघून ‘नाद खुळा’ म्हणून अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकानं त्याला तत्परतेनं वर काढला. पुन्हा गेला, पुन्हा खूश झाला, पुन्हा वर आला.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथलं त्सुनामी आयलंड झालं. जेवताना सोलकढी आली, तिला एका मेव्हण्यानं पांढरा रस्सा समजून फुंकर मारली. ते असो.

कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग मात्र निवांत बघायचा. महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला. होडी तटाला भिडेपर्यंत दरवाजा कुठं आहे ते कळत नाही. इंग्रजांनी १७६५ साली तो घेऊन ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसं केलं. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नंतर तो पुन्हा कोल्हापूरकर छत्रपतींकडं आला आणि १८१२ च्या तहात मालवणसकट कायमचा इंग्रजांकडं गेला. एवढ्या आधारावर मेव्हण्यानं, "किल्ला आमचाच की ओ," म्हणत होडीच्या भाड्यात सूट मागितली. होडीवाला शांतपणे म्हणाला, "मगे चलत जावा."

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत. आम्ही माथा टेकला, फोटो काढले. पण आण्णा अडकले ते विहिरींपाशी. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दूध, दही आणि साखर! तात्यासाहेब कोऱ्यांनी आमच्या शेजारचं वारणानगर उभं केलं ते दुसऱ्या कशावर? आण्णांना एकदम सासुरवाडीला आल्यासारखं वाटलं. कठड्यावरून वाकून त्यांनी पाणी निरखलं, बांधकामावर हात फिरवला.

"उन्हाळ्यात आटती का?"

"नाय," गाईड म्हणाला.

आण्णांनी चपला काढल्या आणि समुद्राकडं पाठ करून साखरबावीशेजारी ऐसपैस बसले. खाली धक्क्यावर होडीवाला हाका मारून दमला. आत्या म्हणाल्या, "अवो, उठा की, होडी निघाली."

"तुम्ही व्हा फुडं," आण्णा म्हणाले, "मी बघतोय अजून."