घड आणि गोधडी

दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार संप्रेरकांविषयी जितकं मोकळेपणाने बोलतो, तितकं डॉक्टरही बोलत नसतील. फळांसाठीची गोडी छाटणी उरकली की टपरीवर जीएचीच चर्चा. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक. कितव्या दिवशी, किती पीपीएम, घड मगात बुडवायचे की नुसता फवारा मारायचा, यावर मोहाडीपासून लखमापूरपर्यंत प्रत्येकाचं मत असतं आणि ते शेजारच्याच्या विरुद्ध असतं. भाताची रोपं एकाएकी लांबडी, किडकिडीत होऊन लोळतात ती एका बुरशीच्या स्रावामुळे, हे एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने 1926 मध्ये दाखवलं. जीएचा शोध तिथूनच लागला.

एकाएकी लांबडं, किडकिडीत झालेलं आणि सदा लोळणारं एक रोप बागायतदाराच्या घरातही असतं. आठवी-नववीत. तिथे मात्र संप्रेरकाचं नाव कुणी काढत नाही. निदान एकच: मोबाइल.

या वयात आधी वाढतात पावलं आणि तळहात, मग हातपाय, धड सगळ्यात शेवटी. हात कालच्यापेक्षा लांब झालाय, ही बातमी पोरापर्यंत पोचायच्या आत चहाचा कप लवंडलेला असतो. बाप विचारतो, "डोळे कुठे होते?" डोळे जागेवरच होते. बापाच्या चपला तेवढ्या जागेवर नसतात, कारण त्या आता पोराला येतात.

झोपेचंही तसंच. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून पहाट यांच्यासाठी मध्यरात्रच. 2024 मध्ये सरकारने शाळा सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं, तेही चौथीपर्यंतच. चौथीतली पोरं कोंबड्याआधी उठून घर डोक्यावर घेतात. ज्यांना गदागदा हलवावं लागतं ते दादा मात्र पहाटेच्या एसटीला लटकतात. डिसेंबरात मण्यांना थंडी बाधू नये म्हणून बाप भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, आणि घरी येऊन त्याच हाताने पोराची गोधडी ओढतो.

मुलींचं हे सगळं वर्ष-दोन वर्षं आधीच सुरू होतं. सातवीच्या वर्गाचा फोटो बघा, मुली ताया दिसतात आणि मुलगे त्यांना शाळेत सोडायला आलेले धाकटे भाऊ. "मोठा झालास" म्हणजे रात्री लाइट आली की विहिरीवरची मोटार चालू करायला जा. "मोठी झालीस" म्हणजे जोरात हसू नको, आणि त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू नको. बरणीला काही होत नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या झालेल्या दादाचा असतो.

विचारावं कुणाला? दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. तो बऱ्याच ठिकाणी "सोपा आहे, घरी वाचा" या गटात मोडतो, आणि घरी विचारलं तर, "शाळेत शिकवलं नाही का?" 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी रुग्णालयांतून 'मैत्री' नावाची क्लिनिकं आहेत. पण तिथे जाताना ओळखीचं कुणी भेटलं तर? दिंडोरीत ओळखीचं कुणी न भेटता मेडिकलपर्यंतसुद्धा जाता येत नाही.

कंठ फुटतो तेव्हा मात्र लपवालपवी संपते. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब-जाड होतात, आणि वाक्य सुरू करणारा माणूस ते संपवेलच याची खात्री उरत नाही. आमच्या शेजारच्या पोराने परवा वडील आंघोळीला गेलेले असताना फोन उचलला. द्राक्षाचा व्यापारी होता. आवाज अगदी वडिलांचा, त्यामुळे तिकडून थेट भावावरच घसरला. पोरानेही खर्जात सांगितलं, किलोमागे दोन रुपये वाढवा, मग माल तोडा. घासाघीस झाली, व्यापारी दीडवर आला. पोरगं इरेला पेटलं.

"नाही शेठ, दोन म्हणजे दोनच!"

दुसऱ्या 'दोन'ला आवाज चिरकून पार आढ्याला लागला. पलीकडे क्षणभर शांतता.

"वहिनी," व्यापारी अदबीने म्हणाला, "भाऊंनाच द्या ना जरा फोन."