चार तास तोंड धुवू नये

चहा घ्या आधी. विषय हनुवटीचा आहे आणि तो उभ्या उभ्या संपणारा नाही.

पोराच्या ओठांवर मिसरूड फुटलं की घरात कौतुक होतं. आजोबा जवळ बोलावतात, आत्या गाल ओढते. बाईच्या हनुवटीवर चार राठ केस आले, की ती हनुवटी तिची एकटीची राहत नाही. तिच्यावर पाहणी होते, अभिप्राय येतात, उपाय सुचवले जातात. जळगावच्या फुले मार्केटात ओढणी घ्यायला जा, दुकानातल्या बाई ओढणीचा रंग तुमच्या तोंडाशी लावून बघतात आणि नजर खाली घसरते. तेवढ्यानं माझा अख्खा दिवस जातो. तुमचाही जात असेल, म्हणून तर तुमच्याशी बोलतेय.

डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी आधी पाळीचं विचारलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी करायला लावली आणि मगच चिठ्ठी लिहिली. हे असंच व्हायला हवं, कारण हनुवटीवरच्या राठ केसांमागे पुष्कळदा पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असतो आणि नुसतं वरून सारवून तो जात नाही. या केसांचं मोजमापसुद्धा ठरलेलं आहे. फेरिमन आणि गॅल्वे या दोघांनी १९६१ मध्ये त्याची पद्धत बसवली. आता तिच्यात शरीराच्या नऊ जागा बघतात, प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण, एकूण ३६. डॉक्टर ते कागदावर मांडतात, दार लावून. आमच्या नात्यातल्या बायका हेच काम भर पंगतीत, कागदाशिवाय करतात.

खरी छळवणूक मेडिकलपासून सुरू होते. मी चिठ्ठी दुमडून, हळूच काउंटरवर सरकवली. शेजारी आमच्या कॉलनीतले काका ओआरएसची पाकिटं घेत उभे होते. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि माळ्यावरच्या पोराला हाक मारली, “ते लेडीजच्या दाढीचं क्रीम टाक रे खाली!” पोरानं वरून विचारलं, “कोणतं?” मग त्यानं नाव फोडून सांगितलं, दोनदा. खाली आलं ते केस काढायचं साधं क्रीम, हातापायांना लावून पुसून टाकतात ते. ते वेगळं. त्यातलं रसायन केसाचं केराटिन विरघळवतं आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकतं. मला हवं होतं ते एफ्लोर्निथिनचं, केसांची वाढ मंदावणारं, फक्त चेहऱ्याला आणि हनुवटीखाली लावायचं. हा फरक मला त्या काउंटरवर, काकांच्या साक्षीनं, समजावून सांगावा लागला. सॅनिटरी पॅड आपल्याकडे काळ्या पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून देतात. ही बोटभर ट्यूब मात्र उघडी, पावतीसकट, हातात.

आता त्या ट्यूबबरोबरच्या कागदाकडे या. अक्षर मुंगीच्या पायाएवढं, भाषा इंग्रजी. पण मी तो पूर्ण वाचला आहे आणि त्यातली कलमं मला पाठ आहेत.

कलम पहिलं, हे क्रीम केस काढत नाही. केसाच्या मुळाशी पेशींची वाढ व्हायला एक विकर लागतं, ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज नावाचं. क्रीम त्याला अडवतं, म्हणजे केस सावकाश येतो. आलेला केस तुम्ही तुमचा काढायचा, पूर्वीसारखाच, दोऱ्यानं नाहीतर चिमट्यानं, आणि पाच मिनिटं थांबून मग क्रीम लावायचं. म्हणजे पार्लर सुटत नाही. पार्लरवाली ताई दोरा दातात धरून विचारते, “क्रीम लावताय ना? मग हे कुठून आले?” दोरा हनुवटीवर चालू असताना माणसाला विकर समजावून सांगता येत नाही.

कलम दुसरं, मुदतीचं. दिवसातून दोनदा, मध्ये निदान आठ तास ठेवून. फरक दिसायला आठ आठवडे लागू शकतात. लावणं सोडलं की साधारण आठ आठवड्यांत सगळं मूळपदावर. चाचण्यांमध्ये २४ आठवड्यांनंतर क्रीम लावणाऱ्या ३२ टक्के बायकांना ठळक फरक पडला, औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्या ८ टक्के बायकांनाही पडला. हे आकडे वाईट नाहीत. पण त्यांचा सरळ अर्थ असा, की फरक पडलाच तरी तो टिकवायला जन्मभर हजेरी लावायची आहे, आणि हे सांगायचं कष्ट काउंटरवर कोणी घेत नाही.

कलम तिसरं मात्र आमच्या जिल्ह्यावर उघड अन्याय करणारं आहे. लावल्यावर चार तास ती जागा धुवायची नाही. चार तास! हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यात जळगावात एक दिवस काढलेला नाही. इथे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी नऊलाच रस्त्यावर झळा लागतात, कूलरसमोर बसलं तरी मानेवरून धार लागते, दर तासाला तोंडावर पाणी मारलं नाही तर माणूस चक्कर येऊन पडेल. आणि स्कूटीवर निघायचं तर तोंडाला स्कार्फ हवाच. तो नाकापासून गळ्यापर्यंत घट्ट बांधलेला, नेमका हनुवटीवर घासणारा. माझ्या डाळिंबी स्कार्फला आतून, हनुवटीच्या जागी, पांढरट डाग कायमचा बसला आहे. औषध स्कार्फला लागू पडलं, मला नाही.

रात्रीचं म्हणाल, तर रात्री वीज गेली की आम्ही गच्चीवर जातो. उशीच्या अभ्र्याला क्रीम, अंगाला घाम.

धुळ्याला देवपुरात माझी मावसबहीण असते, शाळेत शिकवते. तिचंही तेच क्रीम आहे. तिनं पहाटे पाचला लावून नऊला तोंड धुवायचं असं वेळापत्रक बसवलं, पण सातला शाळा भरते आणि पहिल्या बाकावरच्या पोरींना बाईंच्या चेहऱ्यावरची चकाकी लगेच दिसते. “बाई, तुम्ही काय लावता?” याचं उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

चौथं कलम साठवणुकीचं. ट्यूबवर छापलं आहे, तीस अंशांखाली, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी, गोठवू नये. मी घरभर फिरले. मार्च ते जून आमच्या घरात अशी जागा एकच, ती म्हणजे फ्रिज. आणि फ्रिज हे घरातलं सगळ्यात सार्वजनिक ठिकाण. ट्यूब कैरीच्या पन्ह्याशेजारी ठेवली. पहिल्याच दिवशी दिरांनी विचारलं, “हे कशाचं?” पाहुणे आले, पाण्याची बाटली काढताना त्यांनीही उचलून बघितली. सासूबाईंनी तर थंडगार लागतं म्हणून टाचांच्या भेगांना चोपडलं आणि आठवडाभराचं माझं औषध एका दुपारी संपलं. त्या म्हणाल्या, “त्यात काय एवढं, दुसरं आण.” दुसरं आणायचं म्हणजे परत त्याच काउंटरवर, त्याच माळ्याखाली.

या सगळ्यावर कळस होतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. उन्हाचा भर, लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोका, घरात सांजोऱ्या आणि आमरस. वर्षात एकदा मिळणारं हे सुख. आणि त्यात मावशी मला झोक्यावरून उतरवतात, उजेडात नेतात, हनुवटी दोन बोटांत धरतात आणि दहा जणींसमोर विचारतात, “का वं पोरी, हाई काय शे?” मग उपायांची सुनावणी. हळद आणि डाळीचं पीठ चोळ. मसुराची डाळ वाटून लाव. कच्च्या पपईचा गर लाव. एकीनं सांगितलं, आमच्या आजीच्या वेळी हरताळ आणि चुन्याचा लेप असायचा. तो होता हे खरं आहे, सुश्रुतसंहितेतसुद्धा केस घालवण्यासाठी हरताळ येतो. पण हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग, जालीम विष. केस जातील, सोबत कातडीही सोलून जाईल. हे मी सांगितलं तर उत्तर आलं, “तुझ्या त्या इंग्रजी औषधानं तरी काय झालं?”

त्या इंग्रजी औषधाची कुळकथा मला कळली तेव्हापासून तर माझं मन अधिकच कडू झालं आहे. एफ्लोर्निथिन मुळात कर्करोगावर म्हणून तयार केलं होतं. तिथे ते फारसं चाललं नाही, पण आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्यानं होणाऱ्या निद्रारोगाच्या एका प्रकारावर ते असं चाललं, की बेशुद्ध पडलेली माणसं उठून बसली. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. पण रोगी गरीब, खेड्यापाड्यांतले. त्यांच्याकडून नफा नाही, म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्याला त्याचं उत्पादनच बंद झालं. मग २००० मध्ये तेच औषध चेहऱ्यावरच्या केसांचं क्रीम म्हणून अमेरिकेच्या बाजारात आलं. आणणाऱ्यांत ब्रिस्टल-मायर्स स्क्विब होती आणि जिलेट होती, हो, तीच ब्लेडवाली. जगभर ओरड झाली, डॉक्टरांच्या संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना मध्ये पडल्या, तेव्हा २००१ मध्ये निद्रारोग्यांसाठी ते पुन्हा बनवायचं ठरलं.

म्हणजे बघा. काँगो-सुदानातला माणूस मरायला टेकला तेव्हा कारखाना बंद, आणि आमच्या हनुवटीला गिऱ्हाईक म्हणून किंमत आली तेव्हा सुरू. आम्हाला कोणी विचारलं होतं? आमच्या चार केसांसाठी कोणाचं औषध थांबावं असं आम्ही म्हटलं नव्हतं. उलट आमच्या हनुवटीला लोकांनी गप्प सोडलं असतं, तर या ट्यूबचा अर्धा खप तिथेच संपला असता.

म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवा. कागद मराठीत छापावा आणि त्यात ४५ अंशांत काय करायचं याचं वेगळं कलम असावं. हे क्रीम केस काढत नाही, हे ट्यूबवर मोठ्या अक्षरांत लिहावं. मेडिकलवाल्यांनी औषधाचं नाव घ्यावं, उपयोगाची दवंडी पिटू नये, आणि एक काळी पिशवी आम्हालाही द्यावी. तुमच्या घरात एखादीला अचानक राठ केस येऊ लागले, पाळी मागेपुढे होऊ लागली, तर पपई न चोळता तिला डॉक्टरांकडे न्या. आणि पुढच्या आखाजीला कोणी झोक्यावर बसली असेल, तर तिला झोका घेऊ द्या, उजेडात नेऊ नका.