तिकीटकाका

गोव्याला जायचं ठरवणं अवघड नाही. अवघड आहे ते बिल्डिंगमधल्या तिकीटकाकांना त्याचा पत्ता लागू न देणं. असे काका डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. ठाण्याच्या मोठ्या संकुलांत विंगेमागे एक सापडतो. बँकेतून किंवा कुठल्याशा खात्याच्या हिशेब विभागातून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेन आणि डोक्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक. एक नव्हे, दोन. पावसाळ्यात ही रेल्वे वेगळ्या वेळापत्रकानं, सावकाश चालते, आणि काकांना दोन्ही तोंडपाठ असतात.

लिफ्टमध्ये तुमच्या हातात नवी कोरी ट्रॉली बॅग दिसते आणि दार बंद होता होता प्रश्न येतो, "विमान की गाडी?"

"विमानाचं बघतोय काका. तासा-सव्वातासात पोचतो ना."

"कोण पोचतो?"

इथे तुमचा मजला येऊन गेलेला असतो.

"तासा-सव्वातासात विमान पोचतं. तू नाही पोचत. दारापासून दारापर्यंत धर." मग काका बोटांवर मोजायला लागतात. डोंबिवलीहून विमानतळ, घाटकोपरचा ट्रॅफिक धरून दीड तास. विमानाच्या दोन तास आधी तिथे हजर. सुरक्षा तपासणीत पट्टा काढा, पट्टा घाला. उतरल्यावर बॅगेची वाट. "आणि मग गोवा सुरू होतो असं वाटतं तुला. गोवा म्हणजे कुठला गोवा?"

हा प्रश्न मात्र खरोखर मुद्द्याचा आहे, आणि काकांचा राग येतो तो त्यामुळेच. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना, नौदलाच्या तळावरचा, दक्षिणेला जवळ. मोपाचा नवा, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला, पार उत्तरेला पेडण्यात. ज्याला पाळोळ्याला जायचंय त्यानं स्वस्त दिसलं म्हणून मोपाचं तिकीट काढलं, तर उरलेला गोवा त्याला टॅक्सीतून उभा कापावा लागतो. मडगावपर्यंत रेल्वेनं आलेला माणूस तोवर आंघोळ करून किनाऱ्यावर बसलेला असतो. उलट सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला मोपा हा जवळजवळ गावचाच विमानतळ. सिंधुदुर्गाला स्वतःचा चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाला. त्याबद्दल विचारलं तर काका फक्त डोळे मिटतात आणि म्हणतात, "आधी विमान आहे का बघ, मग विमानतळ बघ."

हे सगळं काकांनी संगणकावर एका तक्त्यात मांडून ठेवलंय. उभ्या रकान्यात मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत आणि विमान. आडव्या ओळींत तिकीट, रिक्षा, टॅक्सी, चहापाणी. शेवटची ओळ खास त्यांची: 'वेळेची किंमत'. दर ताशी दोनशे रुपये. वंदे भारतला पावणेआठ तास लागतात, मांडवीला सुमारे बारा, म्हणून मांडवीच्या खात्यावर आठ-नऊशेचा जादा बोजा. पावसाळ्यात वंदे भारतही रेंगाळते, तेव्हा तिच्यावरही.

काकूंनी एकदा चष्मा लावून हा तक्ता पाहिला.

"अहो, ताशी दोनशे तुम्हाला देतंय कोण?"

"देत नाही कोणी. धरायचे असतात."

"आणि माझ्या तासाचे किती धरलेत?"

काकूंचा रकाना कोरा होता. काकांनी घाईघाईनं तिथेही दोनशे लिहिले, पण तक्त्यानं स्वयंपाकघरात तेवढ्यात जी प्रतिष्ठा गमावली ती पुन्हा मिळाली नाही.

तरी त्यांचा खरा सण साठ दिवस आधी असतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठावर आलं. काकांना तो स्वतःचा अपमान वाटला होता, दूरदृष्टी असणाऱ्याची सोयच राहिली नाही म्हणून. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या सकाळी पावणेआठलाच सगळं घर मोबाइल घेऊन पंगतीला बसल्यासारखं बसतं. आठाच्या ठोक्याला बोटं पडतात. चार मिनिटांनी घरात वेटिंग एकशे अडतीस असतं आणि काकांचा चेहरा उजळलेला असतो. कन्फर्म तिकीट मिळालं तर माणसाकडे करण्यासारखं उरतं काय? वेटिंग मिळालं की रोज बघता येतं: एकशे अडतीस, नव्वद, एक्केचाळीस. आरएसी झालं की पेढे. आरएसी म्हणजे साइड लोअरवर एका अनोळखी माणसाच्या गुडघ्यांसमोर रात्रभर बसून जाणं, हे ऐन आनंदात कोणी सांगायचं नसतं. चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं, म्हणून जोडीला तत्काळ. तत्काळ फसलं तर जोडीला विमान. काका त्याला 'बॅकअप' म्हणतात. काकू त्याला दुसरं काही म्हणतात.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र त्यांचं मत ठाम आहे: जाताना माणूस, येताना मालगाडी. कोकणातून कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ, काजू, मे महिना असेल तर आंब्याची पेटी, आणि निघताना आत्यानं जबरदस्तीनं हातात दिलेली लोणच्याची बरणी. विमानात सामानाला पंधरा किलोंची मर्यादा आणि हातातल्या बॅगेला सात. बरणी तपासणीच्या यंत्रातून पुढे जात नाही. सुक्या खोबऱ्याचं पोतं तर विमानवाल्यांना स्फोटकासारखं दिसतं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. रेल्वेत हेच सामान बर्थखाली सरकवायचं आणि वर झोपायचं. या एका मुद्द्यावर काका आणि काकू यांचं पूर्ण एकमत आहे.

मध्यंतरी काकांवर मोठं संकट आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. डोंबिवलीकराला तो सांताक्रूझपेक्षा जवळ, म्हणजे 'दारापासून दारापर्यंत'चा अख्खा हिशेब कोसळला. विमान गाडीच्या पुढे जाऊ लागलं. आठवडाभर काका दाढी न करता तक्त्यासमोर बसून होते. शेवटी मे महिन्याचं आणि नाताळातलं विमानभाडं घालून त्यांनी रेल्वेला पुन्हा वर काढलं, तेव्हा घरात साखर वाटली गेली.

गंमत म्हणजे या सगळ्या धांदलीत काका स्वतः फारसे कुठे जात नाहीत. सर्वात चांगला पर्याय निश्चित होईपर्यंत सुट्टी तरी संपते किंवा पाऊस तरी लागतो. गेल्या खेपेला काकूंनी वाट पाहिलीच नाही. भिशीतल्या बायकांबरोबर त्यांनी मांडवीची तिकिटं काढली. तक्त्यात सर्वात खाली असलेल्या गाडीची, तीही स्लीपरची, कारण एसीच्या डब्यात काच उघडत नाही.

काका घरी मोबाइलवर गाडीचा ठिपका बघत होते. रत्नागिरीच्या अलीकडे ठिपका थांबला. त्यांनी लगेच फोन लावला.

"क्रॉसिंगला पडली ना? सांगितलं होतं मी. पुढे एकेरी मार्ग आहे."

"हो, पडलीय."

"पंचेचाळीस मिनिटं लेट. म्हणजे तुमचे चौघींचे मिळून सहाशे रुपये गेले."

पलीकडून हसण्याचा गलका आला, मग कोणीतरी काहीतरी पुढे केल्याचा आवाज, आणि कोवळ्या गवताचं, काळ्या कातळाचं काहीबाही वर्णन, जे काकांना नीट ऐकू आलं नाही.

"अहो, ठेवते. कटलेट आलेत, गरम आहेत."

"ठेव, ठेव," काका म्हणाले. आणि मग राहवेना म्हणून, "प्लेट कितीला?"

फोन कट झाला होता. त्यांनी तक्त्यात 'चहापाणी'च्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह घातलं.