पाव व्हायोलिन

संगीताचे जे विविध अपराध गृहस्थाच्या घरात, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच खर्चाने घडतात, त्यांत पेटीचा अपराध दखलपात्र मानता येत नाही. कारण पेटीतला षड्ज हा कारागिराने आधीच घडवून, पट्टीखाली बंदिस्त करून आणि किमतीत धरून दिलेला असतो, आणि म्हणून त्या पट्टीवर पोराचे बोट पडो अथवा उंदराच्या मागे धावणाऱ्या मांजराचा पाय पडो, षड्ज उमटायचा तो उमटतोच. तंतुवाद्याच्या बाबतीत असा कोणताही करारनामा नाही. तेथे दुकानदार लाकूड देतो, तारा देतो, खुंट्या देतो, आणि स्वर ज्याचा त्याने शोधून घ्यावा या बोलीवर पावती फाडतो. हा शोध चालू असताना शोधकापेक्षा श्रोत्याला जे सोसावे लागते, त्याची नोंद संगीताच्या इतिहासकारांनी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. आणि उभी हयात महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून गेलेली असल्याने, जे कोणी नोंदवत नाही ते नोंदवून ठेवण्याची मला खोड आहे.

प्रकरणाचा उगम असा. शासनाने प्राथमिक शाळांना ‘आनंददायी शनिवार’ लागू केला, तेव्हा धाराशिवातल्या बहुतेक शाळांनी योगासने, कागदकाम, बागकाम अशा निरुपद्रवी वाटा धरल्या; माझी नात ज्या शाळेत दुसरीत शिकते, तेथील मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र लहान मुलांचा तंतुवाद्यवृंद उभारण्याचे मनावर घेतले. पालकसभेत त्यांनी मैहरचा दाखला दिला. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी 1918 च्या सुमारास साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून त्या चिमुकल्या संस्थानात वाद्यवृंद कसा उभा केला, बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंग कसे बनवले, आणि ज्या मुलांना संगीताचा गंध नव्हता त्यांच्याकडून राग कसे वाजवून घेतले, हे सांगता सांगता बाईंचा कंठ दाटून आला. खाँसाहेबांचा शिस्तीच्या बाबतीतला कोप जगप्रसिद्ध होता, हा भाग बाईंनी वगळला. तो मला ठाऊक होता, परंतु पालकांची मने आधीच दोलायमान असल्यामुळे मी मौन पत्करले. सभा भारावलेली असताना मागच्या बाकावरून एका पालकाने तेवढी एक हरकत नोंदवली.

“बाई, ती पोरं अनाथ होती. आमच्या पोरांना आईबाप हायेत, आन् ते घरीच असतेत.”

या हरकतीचे मर्म सभेला त्या दिवशी कळले नाही. ठराव मंजूर झाला, खरेदी समिती नेमली गेली, आणि दप्तरातल्या माणसाला तीन दरपत्रके मागवण्याचा सराव असतो एवढ्याच गुणावर माझी तिच्यावर वर्णी लागली.

समितीपुढे पहिले नाव आले ते सतारीचे, आणि सतार म्हटली की मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब 1850 च्या सुमारास तलवारींकडून तंबोऱ्यांकडे वळले, आणि त्यांच्या मागोमाग त्या गावात सतारमेकरांची एक अख्खी गल्ली नांदू लागली. 2024 साली तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शस्त्रे करणारा माणूस वाद्ये करू लागला, याचे लोकांना मोठे कौतुक वाटते. पुढे घडलेल्या गोष्टींच्या प्रकाशात मला त्यात विसंगती दिसत नाही. तुंब्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात असे मी समितीला सांगताच एका शेतकरी सभासदाचे डोळे लकाकले. सोयाबीनच्या भावाने तो गांजलेला होता, आणि भोपळा आपल्याच रानात लावावा, चांगली फळे तुंब्यांसाठी राखून ठेवावीत आणि उरलेली बाजारात काढावीत, म्हणजे वृंदाचा खर्च परस्पर निघेल, असा आराखडा त्याने तेथल्या तेथे मांडला. सतारीचा प्रस्ताव अखेर निराळ्याच कारणाने निकालात निघाला. दुसरीतले मूल सतारीमागे बसवले असता केवळ सतारच दिसते, असा प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल प्राप्त झाला.

बुलबुलतरंगाची शिफारस मी स्वतः केली होती. त्याला टंकलेखन यंत्राच्या धर्तीची बटणे असतात, आणि त्या यंत्रावर माझी बोटे तीस वर्षांहून अधिक काळ चाललेली. शिवाय जिल्ह्यात असा एकही वरातीचा मोसम जात नाही की ज्यात बेंजो पार्टी ऐकू येत नाही, तेव्हा मुलांच्या पुढील उपजीविकेचाही विचार मी केला होता. बाईंनी ती शिफारस नामंजूर केली. दिलरुब्याला पडदे असतात, त्यामुळे बोट कोठे ठेवावे याचा मुलाला अंदाज येतो, हे सर्वांना पटले. पण दिलरुबा शिकवणारा इसम पंचक्रोशीत आढळला नाही. उरले व्हायोलिन. ते साहेबाचे वाद्य आहे, या आक्षेपाला बाईंनी सज्ज उत्तर ठेवले होते: दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच आपल्या संगीतात रुजवले, आणि आपल्याकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वाईत जन्मलेले वि. गो. जोग यांनी ते इतके घरचे केले की त्याचा साहेबाशी संबंध आता केवळ कागदोपत्री उरला आहे. शिवाय व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाने मिळते, पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण. हे ऐकून समितीतल्या आम्हा वृद्धांच्या अंगावर शहारा आला. पावकी, निमकी, पाऊणकी ही नावे ज्यांच्या हाताच्या तळव्यांवर छडीने लिहिली गेली आहेत, त्यांना ती वाद्याच्या रूपाने परत येतील असे स्वप्नातही वाटले नव्हते. औटकीचे व्हायोलिन कोणी करत नाही, अशी खात्री करून घेऊनच आम्ही दरपत्रकांवर सह्या केल्या.

गुरुजी सोलापूरकडून यायचे, शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने, तुळजापूरमार्गे. गृहस्थ अत्यंत सौम्य, मितभाषी. आयुष्यभर इतरांचे बेसूर ऐकण्याचा पेशा पत्करलेल्या माणसाच्या मुद्रेवर जी एक विरक्ती येते, ती त्यांच्या मुद्रेवर पूर्णत्वाने विराजमान झालेली. आरंभी त्यांनी मुलांना वाजवूच दिले नाही. मांडी कशी घालावी, वाद्याचे टोक पावलावर कसे टेकवावे, गज मुठीत न आवळता बोटांत कसा तोलावा, एवढ्यावरच शनिवारांमागून शनिवार गेले. गजाला घोड्याच्या शेपटीचे सुमारे दीडशे केस असतात हे कळल्यावर एका विद्यार्थ्याने तो घोडा आता माश्या कशा हाकलतो, असा प्रश्न विचारला. अभ्यासक्रमाच्या सबंध पूर्वार्धात विचारला गेलेला हा एकमेव मूलगामी प्रश्न होय. केसांना राळ घासली नाही तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही, हेही गुरुजींनी सांगितले. माझ्या मते हे गुपित त्यांनी आणखी काही काळ राखायला हरकत नव्हती.

मग स्वरमेळाचा प्रश्न उभा राहिला, आणि खरे सांगायचे तर पुढच्या साऱ्या प्रकरणाचे हेच हृदय आहे. व्हायोलिनच्या खुंट्या केवळ भोकांत दाबून बसवलेल्या असतात. त्यांना धरून ठेवणारे लाकडाच्या घर्षणावाचून दुसरे काही नसते. आता आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. फाल्गुन लागला की येथे विहिरी आटतात, भिंती तडकतात आणि लाकूड आकसते. आकसलेली खुंटी ‘सा’पर्यंत ताणावी, हात काढावा, आणि तिने सावकाश, कुरकुरत, ‘नी’ला वळसा घालून ‘ध’पर्यंत उतरावे, हा क्रम. आषाढात तीच खुंटी दमट हवेने फुगून अशी रुतते की ती फिरवायला शाळेच्या शिपायाला बोलवावे लागे. यावर व्हायोलिनवाल्यांचा सनातन उपाय म्हणजे खुंटीला थोडा खडू आणि थोडा साबण लावणे: खडूने ती धरते, साबणाने ती वळते. उपाय रामबाण खरा. पण वर्गात व्हायोलिने वीस, खुंट्या ऐंशी, त्यामुळे खडूच्या पेट्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या, आणि फळ्यावर काही लिहिलेले नसताना खडूचा खर्च कशापायी, असा शेरा साठा-नोंदवहीवर पडला. गुरुजी पहिले वाद्य मिळवून विसाव्यापर्यंत पोचत, तोवर पहिले उतरलेले असे. ते परत पहिल्याकडे येत. तास संपल्याची घंटा होई. त्या घंटेचा स्वर मात्र कायम एकच राहिला, हे मी वर्गाबाहेर बसून वारंवार ताडून पाहिले आहे.

घरी रोज सायंकाळी दिवेलागणीला रियाझ होई. आमच्या सौभाग्यवती पहिल्या तारेला देवघरात जात आणि चौथी तार संपेपर्यंत बाहेर येत नसत. त्यांच्या हातून त्या वर्षी जेवढी स्तोत्रे झाली तेवढी आधीच्या सबंध संसारात झाली नव्हती. शेजारी एक सेवानिवृत्त तलाठी राहतात. त्यांच्याकडे उस्मानाबादी जातीच्या शेळ्या आहेत, काळ्याभोर, लांब कानांच्या, आणि त्या जातीची कीर्ती आमच्या जिल्ह्याचे जुने नाव घेऊन देशभर गेलेली असल्यामुळे त्यांच्या गाऱ्हाण्याला आपोआपच एक वजन प्राप्त होते. तलाठी एका संध्याकाळी कुंपणापाशी आले.

“भाऊसाहेब, नात काय वाजवायलीय हो?”

“व्हायोलिन.”

“बरंय. शिकू द्या. पर तिनं गज लावला की आमची शेळी पान्हा चोरायलीय.”

मी त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितले. तक्रार तोंडीच असल्याचे सांगून ते परत गेले, पण दुसऱ्या दिवसापासून दूध काढण्याची वेळ त्यांनी रियाझाच्या आधी ओढली. शेजारधर्माचे याहून उज्ज्वल उदाहरण मी पाहिलेले नाही, आणि ते केवळ एका पाव व्हायोलिनने घडवून आणले होते. पूर्ण मापाच्या वाद्याने काय घडले असते याची कल्पनाच केलेली बरी.

याच तलाठ्यांच्या घरी, मुलाच्या लग्नानंतर, गोंधळ होता. आमच्याकडे लग्न नोंदले जाते कार्यालयात, पण कायम होते ते गोंधळाने. तुळजापूरचे गोंधळी आले, चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ कडाडला, आणि गावोगावच्या देवांना स्थळांच्या नावानिशी हजर राहण्याची समन्से सुटली. माझी नात अगदी पुढे जाऊन बसली होती. मुख्य गोंधळ्याच्या पाठीमागे नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा तुणतुणे काखेत धरून उभा होता; एक लाकडी नळकांडे, तळाला शेळीचे कातडे, वर एक काठी, एक खुंटी आणि एकच तार. (शेळीला संगीताविषयी गाऱ्हाणे करायचेच असेल तर व्हायोलिनपेक्षा तुणतुण्याविरुद्ध तिची बाजू किती तरी सबळ आहे, पण तलाठ्यांच्या शेळ्या त्या रात्री शांतपणे रवंथ करत होत्या.) पोरगा पेंगत होता, मधून जांभई देत होता, एकदा तर त्याचे डोळे पूर्ण मिटले, पण तार गोंधळ्याच्या आवाजाला सोडून तसूभर हलली नाही. मध्येच ती किंचित उतरली, तेव्हा बापाने गाणे न थांबवता मागे हात नेऊन खुंटी पिळली आणि कथा पुढे चालू ठेवली. ना खडू, ना साबण.

पहाटे चहाच्या वेळी मी गोंधळ्याला विचारले, “पोराला किती वर्षं शिकवलंत?”

“शिकवायलंय कोण, साहेब?” तो म्हणाला. “हुबा ऱ्हायलाय नुस्ता. कान उघडे हायेत, आन् हाताला दुसरं काम न्हाई.”

दुसऱ्या दिवशी नातीने व्हायोलिनच्या तीन तारांना रजा दिली. एकाच तारेवर, बोट न ठेवता, ती लांबच लांब गज ओढत बसली, आणि तलाठीही म्हणाले की आज काही तरी निराळे आहे. मी हा वृत्तान्त गुरुजींच्या कानी घातला. आपण मूळचे हेच करणार होतो, पण पालक काय म्हणतील या भीतीने धजलो नाही, असे ते म्हणाले, आणि पुढल्या शनिवारपासून वीसपैकी सोळा मुलांना त्यांनी मोकळ्या तारेवरच्या ‘सा’ची कायम नेमणूक दिली, चाल वाजवायची ती उरलेल्या चौघांनी. परिणाम विलक्षण झाला. वर्गात प्रथमच काही तरी एकत्र वाजू लागले. पालकांची भीती मात्र अनाठायी नव्हती. सोळांच्या पालकांनी निवेदन दिले की, आमच्या मुलांना सप्तकातला एकच स्वर मिळत असून फी मात्र सातांची घेतली जाते, सबब बाकी सहा स्वरांचा परतावा मिळावा. हे निवेदन ‘पुढील आदेशार्थ’ असा शेरा मारून मीच दप्तरी दाखल केले. तेथे ते सुरक्षित आहे.

स्नेहसंमेलनासाठी गुरुजींनी भूप निवडला. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, म्हणजे चुकायला दोन जागा मुळातच कमी, हा त्यांचा हिशेब. रंगमंचावर वीस मुले मांडी घालून बसली; सोळांनी ‘सा’ धरला; चौघांनी चाल काढली. वर्ज्य केलेले दोन्ही स्वर अधूनमधून येऊन हजेरी लावून गेले, परंतु आल्यागेल्याला हाकलण्याची आमच्या भागात पद्धत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले एक वरिष्ठ अधिकारी नाट्यसंगीताचे शौकीन निघाले, आणि त्यांनी खुर्चीतून हात उंचावून ‘वन्स मोअर’ दिला.

गुरुजी उठले, हात जोडून म्हणाले, “साहेब, दुसऱ्यांदा हेच वाजेल, अशी हमी मला देता येत नाही.”

हा नम्रपणा समजून सभागृह आणखी गलबलले. मुलांनी पुन्हा गज उचलले. दिव्यांच्या उष्म्याने खुंट्या दरम्यान ज्या काय उतरायच्या त्या उतरल्या होत्या. सोळांच्या ‘सा’चे आता तीन तट पडले होते, आणि चौघांपैकी प्रत्येकाने आपापल्या निष्ठेप्रमाणे एकेका तटाचा आश्रय घेतला. माझी नात पहिल्या रांगेत होती. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि तिचा गज एका तारेवरून हलला नाही, एवढे मी आजोबा म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून सांगू शकतो. टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या.

भाषणात पाहुण्यांनी चिमुकल्यांचे तोंड भरून कौतुक केले. इतक्या कोवळ्या वयात एकापाठोपाठ दोन भिन्न राग सादर करणे ही सामान्य गोष्ट नव्हे, असे ते म्हणाले; पहिला भूप होता हे आपण ओळखले, दुसरा मात्र आपल्या परिचयाचा नाही, तरी संगीतशिक्षकांनी त्याचे नाव श्रोत्यांच्या माहितीसाठी जाहीर करावे, अशी विनंती त्यांनी केली. गुरुजी पुन्हा उठले, आणि नाव अद्याप ठरायचे आहे, असे सांगून खाली बसले.