कितीशी धार

जेवणं उरकून ताटं विसळून झाली आणि रेडिओलाही डुलकी लागली, की आमच्या गल्लीत दोन आरोळ्या येत. एक धारवाल्याची. सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पायडल मारायचं आणि पुढ्यातली सहाण गरगर फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची, हा त्याचा उद्योग. दुसरी ‘टाकी लावायची का, टाकीऽऽ’ अशी लांबवलेली हाक. डोक्यावरच्या पाटीत छिन्नी-हातोडा घेऊन येणाऱ्या बाईची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे फिरते. मग ही बाई ओसरीवर बसून त्या काळ्या दगडावर ठक ठक करत बारीक खळ्यांची रांगोळी घालायची. एकाच दारात एक जण घासून पैसे घ्यायचा, दुसरी ओरबाडून, आणि दोघांचंही बरोबरच असायचं. आम्हा मुलांचा ओढा अर्थातच धारवाल्याकडे, कारण त्याच्या सहाणेतून ठिणग्या उडत. त्याच ठिणग्यांकडे घरातल्या बायका मात्र डोळे बारीक करून पाहत. पातं तापून निळं पडलं तर त्याचं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं आणि आज लावलेली धार चार दिवसांत बसते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

त्या दोन आरोळ्यांचा वाद प्रत्येक सुरीच्या धारेवर चालूच असतो, हे माझ्या भाच्यामुळे कळलं. हा मुलगा दिवसभर संगणकासमोर बसतो आणि रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर जपानी दगड मांडतो. त्या दगडांना नंबर असतात. चारशेचा खरबरीत, हजाराचा मध्यम, तीन हजार, सहा हजार, आठ हजार असे चढत जावं तसे अधिकाधिक तलम. नंबर मोठा तितका कण लहान, असा तो उलटा व्यवहार आहे. हजारी दगडातला कण साधारण १०-१५ मायक्रॉनचा, आठ हजारीतला एकाच्या आसपास. आपला केस याच हिशेबात पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड भरतो. दगड आधी पाण्यात बुडवायचा, त्यातून बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढायचा, मग पातं पंधरा-वीस अंशांत तिरकं धरून एका लयीत ओढत राहायचं. पलीकडच्या अंगाला बोटाला लागेल न लागेल अशी पोलादाची झालर आली, की पातं उलटायचं. शेवटी कातड्यावर हिरवी पेस्ट चोळून त्यावर पाठमोरं फिरवायचं. हे सगळं चालू असताना भाच्याच्या चेहऱ्यावर जी शांतता असते, ती मी एरवी फक्त तंबोरा जुळवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

धार लागली की नाही हे ही मंडळी हातावरचे केस उतरवून पाहतात. त्यामुळे भाच्याच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत आता एक स्वच्छ, उजाड पट्टी आहे. उजवा हात मात्र पूर्वीसारखाच घनदाट. असा अर्धा भादरलेला माणूस बसमध्ये दिसला, तर तो धारेच्या नादी लागलेला आहे हे आता मी ओळखू शकतो. एकदा त्याने मला हाक मारली, ‘मामा, हा कागद धर.’ मी वर्तमानपत्राचं पान धरलं आणि त्याने सुरी त्यातून अशी नेली की आवाजसुद्धा झाला नाही. अग्रलेखाचे दोन भाग झाले आणि दोन्ही तितकेच समजण्यासारखे राहिले. पात्यात त्याचा चेहरा दिसत होता. तो त्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होता, असं मला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात त्याच सुरीपुढे टोमॅटो आला. टोमॅटोसारखा निष्ठुर परीक्षक सगळ्या मंडईत नाही. बाहेरून ताणलेली गुळगुळीत साल, आत नुसता ओला गोंधळ. आरशासारखी केलेली धार ताजी असते तोवर त्यातून पाण्यासारखी जाते, पण जराशी उतरली की सालीवरून निसटते, एखादा प्रकांड पंडित ‘भाव काय?’ या प्रश्नावर अडखळावा तशी. हजाराच्या दगडावर थांबलेल्या धारेला मात्र डोळ्यांना न दिसणारे दाते असतात. ते सालीला चावा घेतात आणि बाकीचं काम आपोआप होतं. म्हणजे इथेही टाकीवाली बाई जिंकलीच. बाजारात रस्त्यावर मिळणारी, प्लास्टिकच्या मुठीची, करवतीच्या दात्यांची ती स्वस्त सुरी प्रत्येक घरात का टिकून आहे, याचं उत्तर इतकं साधं आहे. भाच्याला ते पटतं, पण आवडत नाही. त्याचं म्हणणं, जपानी आचारी कच्च्या माशाचे काप काढतो तेव्हा कापाचा पृष्ठभागच चकचकीत निघावा लागतो, आणि ते आठ हजाराशिवाय होत नाही. खरं आहे. फक्त आमच्या घरात कच्चा मासा आला तर आधी हळद-मीठ लागतं आणि मग सरळ तवा.

खरी तलम धार पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायची. वस्तरा चामोटीवर फट् फट् करून फिरवायचा, एकदा तळहातावर टेकवायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या गळ्याशी न्यायचा. त्या क्षणी गिऱ्हाईक राजकारणावर बोलायचं थांबायचं. आता वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात आणि चामोटी गेली. पण धारेचं दुःख गेलेलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की ब्लेडचं पोलाद केसाहून जवळजवळ ५० पट कठीण असूनही केस त्याचे टवके काढू शकतो. केस वाकतो, तिरका होतो आणि नेमकी पोलादाच्या घडणीतली कच्ची जागा गाठतो. इतक्या मऊ गोष्टीने इतक्या कठीण गोष्टीला नमवावं, हे वाचून मला विज्ञानापेक्षा आमच्या घराण्यातल्या काही बायकांची आठवण झाली.

त्यांतली एक मावशी अजून आहे. तिची विळी लग्नातली. पाटावर एक पाय ठेवून बसायचं, दोन्ही हात मोकळे आणि भाजीनेच पात्याकडे चालत यायचं, ही बैठक तिने कधी सोडली नाही. धार लावायची म्हणजे लोखंडच थोडं थोडं उधळायचं. त्यामुळे कृष्णपक्षातल्या अष्टमीचा चंद्र त्रयोदशीकडे सरकावा तसं ते पातं वर्षानुवर्षं अरुंद होत आलं आहे. म्हणून मावशी धार जपून खर्चते. लोणच्याच्या कैऱ्या यायच्या आधी एकदा, दिवाळीच्या आधी एकदा. एरवी कुणी विचारलं तर म्हणते, ‘कोथिंबीर काळी पडत नाही ना? मग आहे की धार.’ बोथट पातं कोथिंबीर कापत नाही, चिरडतं, आणि चिरडलेली पानं घटकाभरात काळवंडतात. कांदाही तेव्हाच जास्त रडवतो. हे मोजमाप कुठल्याही दगडावर छापलेलं नाही, पण मला ते फार नेमकं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात भाचा आपले दगड टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे गेला. ‘आजी, तुझी विळी आरशासारखी करून देतो.’ तिने करू दिलं. हजाराचा दगड झाला, तीन हजाराचा त्याने पाण्यातून काढला, तेवढ्यात तिने पात्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ‘पुरे रे,’ म्हणाली. ‘हिला जास्त शहाणी केलीस तर माझं बोट कापेल. इतक्या वर्षांत मी किती जोर लावते ते हिला कळलंय.’ भाच्याचा चेहरा पडला. ते तिला बघवलं नाही, म्हणून तिने लगेच त्याला दुसरं काम काढून दिलं. विळीच्या टोकाची खवणी पुढे केली आणि सांगितलं, ‘हिचे दाते झिजलेत बघ, नारळ नीट निघत नाही. एवढे टोकदार करून दे.’

दाते करायचे तर दगड चालत नाही, कानस लागते. सगळं आयुष्य गुळगुळीत करण्यात घालवायला निघालेला हा मुलगा सध्या हार्डवेअरच्या दुकानांतून खडबडीतपणा शोधत हिंडतो आहे. परवा त्याचा फोन आला, आवाजात तीच जुनी लकाकी. ‘मामा, तुला माहितीये? कानशींमध्येपण ग्रेड असतात. रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ. आजीच्या खवणीला कोणती घेऊ?’