नव्या लाटेची खरी नक्कल

१९७९ साली बगल्स नामक इंग्रज जोडगोळीने चित्रफितीने रेडिओच्या गायकाचा वध केल्याची वार्ता सुरावर गाऊन सांगितली, आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील एमटीव्हीने त्याच गाण्याने प्रक्षेपणाचा श्रीगणेशा केला. परंतु संत्र्याच्या आंबिया बहाराखेरीज इतर घडामोडींची सहसा दखल न घेणाऱ्या आमच्या मोर्शीत ही ‘न्यू वेव्ह’ जातीने न येता, बप्पी लाहिरींना मुखत्यारपत्र देऊन, १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधील ‘औवा औवा’च्या रूपाने दाखल झाली. पुढे मामांनी मुंबईहून मूळ गाण्याची कॅसेट धाडली, तेव्हा इंग्रजांनी बप्पीदांची चाल चोरली, असा एकमुखी निवाडा आम्ही पोरांनी देऊन टाकला. तहसील कचेरीत नकला उतरविण्यात हयात घालविलेल्या आबाजींकडे अपील गेले. दोन्ही गाणी शांतपणे ऐकून ते म्हणाले, “कागद कोणता जुना हाय ते पाहा गा! नक्कल सुवाच्य असली म्हणून मूळ रद्द होत नसते.”

नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने तर घरात तात्त्विक पेच उभा केला. बिद्दूंनी सिद्ध केलेल्या १९८१ च्या त्या अल्बमास ना कथानक, ना खलनायक. “पिच्चरच नाही, तं मंग हे पोरगी कायले गाऊन राह्यली?” या आजीच्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते.

कॅसेट ऐकणे म्हणजे समग्र दस्तऐवज वाचणे असे. पुढे पळवू जाता यंत्र फीत गिळंकृत करील या धास्तीने, ६० मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू आम्ही ३० मिनिटे निमूटपणे, क्रमवार ऐकत असू. परिणामी दोन सुश्राव्य गाण्यांच्या मध्ये ठाण मांडून बसलेल्या एखाद्या रटाळ गाण्याचा आमच्या कानांवर बिनतक्रार वहिवाटीने कायदेशीर हक्क प्रस्थापित होई.

आज मोबाइलवर आवडीचे गाणे संपले की मन सवयीने त्या रटाळ गाण्याची प्रतीक्षा करते, आणि त्याच्या जागी भलतेच मधुर गाणे सुरू झाले की कायदेशीर वारसास डावलून परस्पर फेरफार झाल्याचा संताप येतो. पण हरकत नोंदवावी, तर या यंत्रातला तलाठी कोण, याचा पत्ता लागत नाही.