३४ चे ४४

पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट हल्ली रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डॉक्टर झोपलेले असतात, केमिस्टचं शटर खाली गेलेलं असतं, जागा असतो तो फक्त पेशंट. ही वेळ ज्याने कुणी ठरवली त्याचा माणसाच्या स्वभावाचा अभ्यास दांडगा असला पाहिजे.

पीडीएफ उघडली की प्रोटीन, अल्ब्युमिन, बिलिरुबिन यांना वळसा घालून नजर थेट एका ओळीवर जाते. एसजीपीटी : ४४. आकडा ठळक, शेजारी चांदणी, उजवीकडच्या रकान्यात ‘४० पर्यंत’. गेल्या वेळी ३४ होतं. म्हणजे एका फेरीत दहा वाढले. याच गतीने दिवाळीपर्यंत किती होतील? शाळेत त्रैराशिकात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाचं गणित रात्री अकरानंतर फार पक्कं होतं.

मी हेपॅटायटिस सीच्या गोळ्या घेतोय. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, दोन्ही एकाच गोळीत, रोज एक, बारा आठवडे. अठ्ठावीस गोळ्यांची एक बाटली, अशा तीन बाटल्या. मला त्रास असा काहीच नाही. थोडं डोकं दुखतं, पण ते रिपोर्ट बघून दुखतं की गोळीने, हे अजून ठरलेलं नाही.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशीत राहणारं एन्झाइम. पेशी दुखावली की ते गळून रक्तात येतं आणि मोजलं जातं. चाळीत पलीकडून भांडी आदळल्याचा आवाज आला की काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. कुणाचं, कशावरून, हे कळत नाही, आणि कधी कधी मांजराने पातेली पाडलेली असतात. या एन्झाइमचं तेच आहे. एकाच माणसात काहीही कारण नसताना ते दिवसागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतं. लॅब बदलली की वरची मर्यादाही बदलते. त्याचं भावंड एसजीओटी तर स्नायूंतही असतं, त्यामुळे जास्त अंगमेहनत झाली तरी चढतं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी तेच.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. उपयोग शून्य.

गंमत पुढेच आहे. माझा आजार सापडला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत. १९८४ साली अपघातानंतर मला रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या, त्यातून तो आला असावा. तेव्हा रक्त तपासून घ्यायची सोयच नव्हती, कारण हा विषाणू सापडला १९८९ साली. त्याआधी डॉक्टर या काविळीला ‘ए नाही, बी नाही’ असं म्हणत. आरोपी माहीत नाही, पण हे दोघे नव्हेत एवढं नक्की. पुढे २०२० साली हार्वी ऑल्टर, मायकल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना या शोधाबद्दल नोबेल मिळालं. तर एवढी सगळी वर्षं विषाणू माझ्या यकृतात बिनबोभाट राहत होता आणि कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत माझं एसजीपीटी कधी ३५, कधी ३८ यायचं. खाली शिक्का : ‘फिट’. मी गाढ झोपायचो. आता गोळ्यांनी तोच विषाणू मरतोय, आणि मी ४४ पायी छताकडे बघत पडलोय.

बरं, घरात एक आकडा वर गेला की औषधं सगळीकडून यायला लागतात. ‘यकृत’ म्हटलं की आपल्याकडे कावीळच ऐकू येते. आमच्या आत्याने फोनवर उसाचा रस सांगितला, बर्फाशिवाय. गावाकडच्या चुलतभावाने कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. तो डोक्यावर माळ ठेवतो, ती वाढत वाढत अंगावरून खाली येते आणि कावीळ उतरते. मला कावीळ नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग तर लवकर उतरेल!” खालच्या मजल्यावरच्या काकांनी कडुनिंबावरची ताजी गुळवेल आणून दिली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण गोळ्या चालू असताना तिसऱ्याच पाल्याचा प्रयोग नको, एवढं मला कळतं. गुळवेल बाल्कनीत कुंडीत लावली. तिची तब्येत उत्तम आहे.

डॉक्टरबाईंकडे वही घेऊन गेलो. हो, वही आहे. आलेख लाल शाईने काढलेला आहे. त्यांनी तो शांतपणे पाहिला.

“काका, या आठवड्यात काही जड उचललंत?”

“गोदरेजचं कपाट सरकवलं. मागे झाडायचं होतं.”

“डोकेदुखीची गोळी?”

“दोनदा.”

“पित्ताची?”

“तुम्ही नको म्हणालात ना. त्याने ही गोळी नीट अंगी लागत नाही म्हणून.”

“चला, तेवढं तरी ऐकलंत. हेपॅटायटिस बी आपण आधीच तपासलंय. या गोळ्यांमध्ये झोपलेला बी कधीकधी जागा होतो आणि तेव्हा एसजीपीटी खरंच उसळतं. तुमच्यात तो नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या, गळून गेल्यासारखं झालं, किंवा आकडा काही पटींनी चढला तर मध्यरात्री फोन करा. ४४ साठी झोपा.”

त्यांच्या टेबलावर माझा दुसरा कागदही होता, व्हायरल लोडचा. त्यात एकच ओळ : विषाणू आढळला नाही. हाच तर खरा निकाल. तो मी घरी कुणाला वाचूनही दाखवला नव्हता. काय दाखवणार? ‘आढळला नाही’ याचा आलेख निघत नाही. त्यात कालच्यापेक्षा आज जास्त असं काही नसतं, चांदणी नसते, त्यावर आत्याला फोन करता येत नाही. काळजीला हलता आकडा लागतो, आणि एसजीपीटी तो न चुकता पुरवतं. आमच्या पिढीला शेअरबाजार परवडला नाही. त्याची भरपाई यकृताने केली.

वेटिंग रूममध्ये एक गृहस्थ भेटले, जुने पेशंट. त्यांनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलेली : दर आठवड्याला एक, जवळपास वर्षभर, सोबत रिबाविरिन. ताप, केस गळणं, कुणाशी बोलू नये असं वाटणं, आणि एवढं करून विषाणू परत आला. आता याच गोळ्यांनी ते बरे झाले. अमेरिकेत २०१३ साली सोफोसबुविर आलं तेव्हा एका गोळीला एक हजार डॉलर पडत. भारतात २०१५ पासून जेनेरिक निघाली आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. मी वही पिशवीत सरकवली. त्यांच्यासमोर लाल शाई बरी दिसेना.

तुम्हीही या गोळ्या घेत असाल तर एसजीपीटीची काळजी खुशाल करा, ती थांबवणं आपल्या हातात नाही. फक्त ते नॉर्मल आलं म्हणून शेवटची तपासणी टाळू नका. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा असतो. तेव्हा विषाणू नसला तरच बरे झालात असं धरतात. आणि तो कागद जपून ठेवा. अँटीबॉडीची तपासणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, आणि दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या वेळी तो दाखवावा लागतो.